अदमुरें दहीं

गेल्या उन्हाळ्याच्या सुटींतली गोष्ट. माझी नऊ वर्षांची नात सकाळपासून स्वयंपाकघरांत आजीच्या मागें मागें हिंडत होती. आजीनें कोमट दुधांत चमचाभर विरजण घातलें, दोनदां ढवळलें आणि पातेल्यावर झांकण ठेवीत ती म्हणाली, "चला, दही लावून झालं." नातीनें लगेच झांकण उचलून पाहिलें. ती तशीच माझ्याकडे आली.

"आजोबा, आजी म्हणते दही लावलं. पण आंत तर दूधच आहे. मग दुधाचं दही होतं तरी केव्हां?"

मीं जन्मभर शाळेंत संस्कृत शिकविलें. विद्यार्थ्याच्या प्रश्नाला उत्तर नाहीं असें म्हणण्याची संवय शिक्षकाला नसते. "पांच-सहा तासांनीं होतं," असें मीं ठोकून दिलें. पण तिला तास नको होते; तिला तो नेमका क्षण हवा होता. तिनें वहीच्या पानावर दोन रकाने आंखले. एकावर 'दूध' आणि दुसऱ्यावर 'दही' असें लिहिलें, आणि दर तासाला पातेलें किंचित् कलतें करून ती ज्या त्या रकान्यांत खूण करूं लागली. अकरा वाजतां दूध. बारा वाजतां दूध. एक वाजतां पातेलें कलतें केलें तेव्हां दूध नेहमींसारखें धांवलें नाहीं. जरा जडपणानें सरकलें. दोन वाजतां वरचा थर नुसताच थरथरला. तिची पेन्सिल दोन रकान्यांमधल्या रेघेवर थबकली. तिनें आजीला हांक मारली. आजीनें बोटानें कड चांचपून निकाल दिला, "अदमुरं आहे ग अजून."

चार वाजतां कवडी पडेल असें घट्ट दहीं लागलें आणि नात खेळायला निघून गेली. संध्याकाळीं तिची वही माझ्या हातीं आली. दोन रकान्यांच्या मध्यें तिनें एक तिसरा अरुंद रकाना आंखला होता, आणि त्यावर लिहिलें होतें : 'होतंय'.

तें पान हातांत धरून मी बराच वेळ बसून राहिलों. ज्या प्रश्नावर आपल्या दर्शनकारांनीं शतकानुशतकें वाद घातला, तो या मुलीनें पेन्सिलीच्या एका रेघेनें माझ्यापुढें आणून ठेवला होता.

दूध आणि दहीं हा आपल्या तत्त्वचिंतनांतला फार जुना दृष्टान्त आहे. सांख्य म्हणतात, दहीं दुधांत अव्यक्त रूपानें आधींपासून असतेंच. तें केवळ प्रकट होतें. न्याय-वैशेषिकांना हें मुळींच मान्य नाहीं. त्यांच्या मतें दूध नाश पावतें आणि दहीं हें पूर्वीं नसलेलें नवेंच द्रव्य उत्पन्न होतें. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायांत, बाहेरच्या साधनांवांचून ब्रह्मापासून जग झालें तरी कसें, या शंकेला उत्तर देतांना पुन्हां दूधच पुढें येतें. बौद्ध तर सांगतात कीं, ज्याला तुम्ही 'दूध' म्हणून धरून बसलां आहां तेंच मुळीं क्षणाक्षणाला निराळें होत आहे. टिकतो तो प्रवाह. पक्ष निरनिराळे आहेत आणि त्यांची मीमांसा करण्याचा माझा अधिकार नाहीं. मला नवल वाटतें तें एवढेंच कीं, इतका गहन वाद घालण्यासाठीं या थोर पुरुषांना स्वयंपाकघराबाहेर जावें लागलें नाहीं!

रसायनशास्त्र तरी तो क्षण दाखवील असें एखाद्याला वाटेल. शेले या स्वीडनमधील रसायनज्ञानें १७८० सालीं आंबलेल्या दुधांतून त्यांतलें आम्ल वेगळें काढलें. पुढें १८५७ सालीं पाश्चरनें, हें आंबणें सूक्ष्म जीवांचें काम आहे, असें दाखविलें. १९०५ सालीं ग्रिगोरॉव्ह नांवाच्या एका बल्गेरियन तरुणानें आपल्या देशांतल्या दह्यांत आढळणारा जंतु सूक्ष्मदर्शकाखालीं ओळखला. चमचाभर विरजणांत असे कोट्यवधि जीव असतात. ते दुधांतली साखर खातात आणि आम्ल तयार करतात. ताज्या दुधाचा सामू सुमारें ६.७ असतो. तो उतरत उतरत ४.६ कडे जाऊं लागला कीं दुधांतलें केसीन नांवाचें प्रथिन एकमेकांना धरून जाळें विणूं लागतें, त्या जाळ्यांत पाणी अडकून राहतें, आणि आपण म्हणतों दहीं लागलें. पण ६.७ आणि ४.६ यांच्या मध्यें उभी रेघ कोठेंच नाहीं. आहे तो नुसता उतार. शिवाय दहीं लागल्यावर तरी हें काम कोठें थांबतें? उद्यां तेंच दहीं आंबट होतें, परवां त्याला पाणी सुटतें. 'दूध' आणि 'दहीं' हीं वाटेंतल्या दोन मुक्कामांचीं नांवें. प्रवास आमच्या नांवांसाठीं थांबत नाहीं.

नांवांचा विषय निघाला म्हणजे मला यास्काचार्यांची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं. निरुक्ताच्या आरंभींच ते क्रियापद आणि नाम यांतला भेद सांगतात. क्रियापदांत 'होणें' हें प्रधान, नामांत 'असणें' हें प्रधान. एखादी क्रिया आरंभापासून अखेरपर्यंत एकापुढें एक घडत असते तेव्हां ती आपण क्रियापदानें सांगतों. तीच क्रिया मूर्त झाली, वस्तूसारखी झाली, कीं तिला नाम देतों. शिजविणें चालू आहे तोंवर 'शिजवितो' म्हणावयाचें. तें पुरें झालें म्हणजे 'पाक' म्हणावयाचें. यांतला 'मूर्त' हा शब्द मोठा मौजेचा आहे. तो 'मूर्छ्' धातूपासून आला आहे, आणि त्या धातूचा एक अर्थ थिजणें, घट्ट होणें असा आहे. म्हणजे नाम हें विरजलेलें क्रियापद होय, असें म्हटल्यास फारसें चुकणार नाहीं. शाकटायन आणि निरुक्तकार यांचा तर पक्ष असा कीं, सारींच नामें धातूंपासून झालीं आहेत. गार्ग्याला आणि कांहीं वैयाकरणांना तें पटलें नाहीं. त्याच प्रकरणांत वार्ष्यायणीचें एक मत नोंदलेलें आहे. जन्मणें, असणें, बदलणें, वाढणें, झिजणें आणि नाश पावणें अशीं होण्याचीं सहा रूपें त्यानें सांगितलीं आहेत. सहांमध्यें 'असणें' हें अवघें एक आहे, आणि तेंहि होण्याचाच एक प्रकार म्हणून!

हें सारें मीं वर्गांत तीस वर्षें शिकविलें. घरीं मात्र त्यांतलें एक अक्षरहि माझ्या उपयोगीं पडलें नाहीं. तीच गोष्ट आज सांगावयाची आहे.

मला एक धाकटा भाऊ आहे. माझ्याहून सात वर्षांनीं लहान. लहानपणापासून हातीं घेतलेलें काम अर्ध्यावर टाकण्याची त्याला खोड होती. दोन शिक्षणक्रम सोडले, तीन नोकऱ्या सोडल्या. शेवटीं एका मित्राबरोबर छपाईचा धंदा काढण्याचें त्याच्या मनानें घेतलें. वडील तेव्हां हयात नव्हते. आईनें आपल्या दोन पाटल्या मोडून त्याला पैसे दिले. दीड वर्षांत धंदा बुडाला. १९९६ सालच्या त्या दिवशीं घरीं चार पाहुणे बसलेले असतां मीं सर्वांदेखत म्हटलें, "हा बेजबाबदार आहे. एक गोष्ट चार दिवस जिवंत ठेवणं याला जन्मांत जमायचं नाहीं."

भाऊ कांहीं बोलला नाहीं. आई आंतून म्हणाली, "अरे, अदमुरा आहे तो अजून. मुरेल हळूहळू."

"छत्तिसाव्या वर्षींहि अदमुराच का?" असें मीं विचारलें. त्यावर पाहुणे हंसले, आणि आपण चांगलें उत्तर दिलें असें मला वाटलें.

पुढच्याच आठवड्यांत तो बेळगांवास एका फाउंड्रींत हिशेबाच्या कामावर निघून गेला. जातांना आईनें रीतीप्रमाणें त्याच्या हातावर दहीं घातलें. तें त्यानें चाटलें, तिला नमस्कार केला, मलाहि वांकून केला, आणि तो जिना उतरला. मीं 'पत्र पाठव' असेंसुद्धां म्हटलें नाहीं.

त्यानंतर बावीस वर्षें गेलीं. त्याचें लग्न झालें, मुलगी झाली. लग्नकार्यांतून आमची गांठ पडे. 'बरं आहे ना', 'बरं आहे' एवढें बोलणें होई. आई दरवर्षीं महिनाभर त्याच्याकडे राहून येई. आल्यावर ती सांगत असे, तो आतां पहांटे उठतो, मुलीचा अभ्यास घेतो, अजून त्याच कारखान्यांत आहे. मी ऐकत असें. पण ऐकलेलें आंत शिरत नसे. माझ्या वहींत त्याच्यासाठीं एकच रकाना होता, आणि त्यांतली खूण १९९६ सालीं करून झालेली होती. मीं त्याला नाम दिलें होतें; त्याचें क्रियापद तिकडे चालूच आहे हें माझ्या ध्यानींमनीं नव्हतें.

२०१८ सालच्या डिसेंबरांत आई आजारी पडली. सतरा दिवस ती रुग्णालयांत होती. सौ. रात्रंदिवस तिच्यापाशीं, घरीं मी एकटा. जेवणाचा डबा बाहेरून येई. अशाच एका रात्रीं शीतकपाट आवरतांना मला कोपऱ्यांत एक वाटी दिसली. आंतलें दहीं पिंवळट झालेलें, आंबुस वास येणारें. मीं तें मोरींत ओतलें आणि वाटी स्वच्छ घांसून पालथी घातली. आपण घर किती नीट ठेवलें आहे याचें मला समाधानहि वाटलें. आमच्या घरांत वर्षानुवर्षें चालत आलेलें विरजण मीं स्वतःच्या हातांनीं संपविलें, हें मला आई गेल्यानंतर कळलें.

दिवसकार्यासाठीं भाऊ आला होताच. बाराव्या दिवशीं त्याची पत्नीहि आली. तेराव्याच्या गोड जेवणाची तयारी चालली असतां सौ. म्हणाली, "विरजण मोडलंय. शेजारून चमचाभर मागून आणतें." भावजय आपली पिशवी उघडीत हळूच म्हणाली, "शेजारून कशाला वहिनी? आपलं आणलंय ना मी." तिनें फडक्यांत गुंडाळलेला एक लहानसा डबा पुढें केला.

"आपलं म्हणजे?" मीं विचारलें.

भाऊ खालीं पाहत म्हणाला, "दादा, मी बेळगांवला निघालों तेव्हां आईनं डबींत घालून दिलं होतं. तेंच आहे हें. मोडूं दिलं नाहीं. कुठं गांवाला जायचं असलं तर शेजारीं ठेवून जात होतों."

वाचकहो, विरजण राखणें हें कांहीं मोठें काम नव्हे. पण तें रोज, निदान दोन-तीन दिवसांआड, न चुकतां करावें लागतें. एकदां विसरलें कीं साखळी तुटली. ज्याला एक गोष्ट चार दिवस जिवंत ठेवतां येणार नाहीं असें मीं चारचौघांत सांगितलें होतें, त्यानें ती बावीस वर्षें जिवंत ठेविली होती. आणि मी, ज्याचें नांव घरांत 'शिस्तीचा' असें पडलेलें, त्यानें ती एका रात्रींत घांसून टाकली होती.

दुसऱ्या दिवशीं त्या विरजणाचें दहीं पानांत वाढलें गेलें. मीं घांस घेतला. चव ओळखीची होती, तरी ती अगदीं आमच्या दह्याची नव्हती. किंचित् निराळा आंबटपणा तिला होता. त्यांत नवल नाहीं. बेळगांवचें दूध निराळें, हवा थंड. तिथल्या दुधाहवेंतले जीवहि त्यांत मिसळलेले असणार. आईनें दिलेल्या चमच्यांतला एकहि कण आतां त्यांत उरलेला नसेल. मग हें आमचेंच विरजण कसें म्हणावयाचें?

तेव्हां मला आईचेंच एक बोलणें आठवलें. एकदां कोणा पाहुण्यासमोर मी अभिमानानें सांगत होतों, कीं आमचें विरजण पणजीच्या वेळेपासूनचें आहे. आई हंसायला लागली. म्हणाली, "पणजीचं विरजण पानशेतच्या पुरांत गेलं रे!" १२ जुलै १९६१ ला पानशेतचें धरण फुटलें आणि नारायण पेठेंतलें आमचें राहतें घर पाण्याखालीं गेलें, तेव्हां मी आठ वर्षांचा होतों. पाणी ओसरल्यावर घरांत गुडघाभर चिखल होता. दुधदुभत्याच्या कपाटाचा पत्ता नव्हता. पुढें बिऱ्हाड पुन्हां मांडलें तेव्हां आईनें सदाशिव पेठेंतल्या एका घरून, जात्यागोत्याचें कांहीं नातें नसतां, वाटीभर विरजण मागून आणलें. तेंच नंतर 'आमचें' झालें. तें सांगून ती पुढें म्हणाली, "विरजण कुणाचं नसतं रे. लावील त्याचं."

इतके ग्रंथ वाचून जें मला कळलें नाहीं, तें तिला पातेल्यापाशीं उभें राहून कळलें होतें. आपण ज्याला 'तेंच' म्हणतों त्याचें तेंपण कोठल्याहि कणांत सांठविलेलें नसतें. कुणीतरी रोज लावीत राहतें, म्हणून तें तेंच राहतें.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. सारेंच जर क्षणोक्षणीं बदलत असेल, तर कालच्या कर्माची जबाबदारी आज कोणावर? कर्ज काढणारा निराळा आणि फेडणारा निराळा म्हणून सारेच हात झटकूं लागतील! पालि भाषेंतल्या मिलिंदपञ्हांत, मिलिंद या ग्रीक राजाशीं झालेल्या संवादांत, नागसेन भिक्षु याच शंकेला एका गोष्टीनें उत्तर देतो. एका माणसानें गवळ्याकडून घागरभर दूध विकत घेतलें आणि उद्यां नेतों म्हणून ती घागर त्याच्याकडेच ठेविली. दुसऱ्या दिवशीं येऊन पाहतो तों दुधाचें दहीं झालेलें. तो भांडूं लागला, कीं मीं दूध घेतलें होतें, माझें दूध दे. राजा, तूं निवाडा कोणाच्या बाजूनें करशील? राजा म्हणाला, गवळ्याच्या. कारण तें दहीं त्याच दुधांतून झालेलें आहे. नागसेनाचें म्हणणें असें, कीं पुढें जन्मणारा जीव अगदीं तोच नव्हे आणि सर्वस्वीं दुसराहि नव्हे. पण तो पहिल्यापासूनच झालेला आहे, म्हणून पूर्वीच्या कर्मांतून तो सुटत नाहीं.

ही गोष्ट मीं अनेकदां वाचली होती. बावीस वर्षांनीं कालचें दूध मागायला आलेला तो भांडखोर गिऱ्हाईक म्हणजे आपणच, हें मात्र त्या दिवशीं पानावर बसल्यावर उमगलें. आणि गोष्टीची दुसरी बाजूहि त्याच संध्याकाळीं दिसली. सर्व निजानीज झाल्यावर भाऊ माझ्यापाशीं येऊन बसला आणि म्हणाला, "दादा, आईच्या पाटल्यांचे पैसे माझ्याकडून शेवटपर्यंत फिटले नाहींत. थोडे दिले होते, बाकी राहिले." पाटल्या घेणारा तो तरुण आतां कोठेंच नव्हता. माझ्यासमोर अठ्ठावन्न वर्षांचा, केंस पिकलेला एक गृहस्थ बसला होता. तरी त्या तरुणाचें देणें तो आपलें म्हणून सांगत होता. माणूस बदलला म्हणून ऋण बुडत नाहीं. उलट बदललेला माणूसच तें ओळखतो. मीं म्हटलें, "माझंहि तुझ्याकडे एक देणं आहे." तें कोणतें हें त्यानें विचारलें नाहीं, आणि मलाहि सांगतां आलें नाहीं.

नांवें टाकून द्यावीं असें माझें म्हणणें नाहीं. नांवांवांचून व्यवहार एक दिवस चालणार नाहीं. दूधवाल्याच्या दारीं जाऊन अर्धा लिटर 'होतंय' कसें मागावें? परंतु नांव ठेवतांना त्यावर तारीख घालण्याची संवय असावी. 'हा आळशी', 'ती तापट', 'तो बुडव्या' असे निकाल आपण घरोघर देत असतों, आणि दिल्यावर पातेल्याचें झांकण पुन्हां उचलून पाहण्याचे कष्ट घेत नाहीं. दह्याबद्दल आपण एवढा अन्याय करीत नाहीं. तें लागलें कीं नाहीं हें पाहिल्यावांचून कोणतीहि गृहिणी पानांत वाढीत नाहीं. आपल्या पूर्वजांनीं तर त्या मधल्या अवस्थेला एक स्वतंत्र शब्दहि देऊन ठेवला आहे. तो मीं लहानपणापासून ऐकत होतों. पण माणसालाहि तो लागूं पडतो हें आईनें सांगितलें तेव्हां मीं त्याची थट्टा केली.

भाऊ आजहि ठरल्या वेळेला येत नाहीं. कळवितो एका गाडीनें आणि येतो दुसरीनें. मीहि अजून पटकन बोलून जातों. आम्हांपैकीं कोणाचेंहि दहीं पुरतें लागलें आहे असें मला वाटत नाहीं.

आई गेल्यानंतर महिन्याभरानें, म्हणजे २०१९ च्या आरंभीं, मी प्रथमच बेळगांवास त्याच्या घरीं गेलों. चार दिवस राहिलों. रोज रात्रीं जेवणें आटोपल्यावर तो स्वतः दूध कोमट करी, करंगळीनें ऊन पाही आणि विरजण घाली. आई करीत असे तसेंच, तितकेंच मोजून. निघण्याच्या दिवशीं मी चपला घालीत असतां तो आंतून वाटी घेऊन आला. "दादा, थांब जरा," असें म्हणाला.

मीं हात पुढें केला.